सतरा नंबरचं घर

…काळा कण. कडा कुरतडलेल्या, मधे बारीक भोकांची जाळी, तव्यावर करपलेल्या पानाचा तुकडा असावा तसा. आणि तो काही केल्या जागचा हलेना. नूतनने काच बोटाने जराशी सरकवली तर कणही तेवढाच सरकला. म्हणजे भिंगावरची धूळ नव्हे, थेंबातलाच आहे. डोळा मायक्रोस्कोपला तसाच चिकटवून ठेवत तिने डाव्या हाताने डबी चाचपली, झाकण वर येईल अशी फिरवली आणि मगच मान उचलून वाचलं — घर सतरा, व्यक्ती चार. स्त्री. वय सहा.

मिश्री. सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात मिश्री…

ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. या भागातल्या बायकांचे शौचाचे नमुने तपासण्यात जिची निम्मी हयात गेली, तिला दात घासता घासता गिळलेली ती जळकी तंबाखू झोपेतही ओळखता आली असती. पण सहा वर्षांची पोर? — असेल. पोरं करतात असले उद्योग. आजी अंगणात बसून दाताला मिश्री लावतेय, नात समोर उकिडवी बसून टकामका बघतेय, आजीचं लक्ष जरा शेजारणीकडे गेलं की हिने डबीत बोट घातलंच. मग तोंड वाकडं, मग थू थू, मग पाठीत एक धपाटा… नूतनने त्या पोरीला एवढी मिश्री अगदी राजीखुशीने लावू दिली. तेवढ्याने ते घर मोडत नव्हतं.

पेणला रामवाडीत, हायवेपासून थोडं आत, नूतन काम करायची त्या लॅबची मागची खोली मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजने भाड्याने घेतली होती. पोटातले जंत शोधायच्या तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, कुठली काय पकडते आणि कुठलीच्या हातून काय निसटतं, असा तो अभ्यास. डॉक्टर नमिता त्याच्या प्रमुख, आणि लॅबमधली सगळ्यात जुनी म्हणून नूतन त्यांच्या मदतीला. पेणच्या खाडीकडची मिठागरांची गावं आणि रोह्याकडची भाताची, वालाची गावं. तिथल्या निवडलेल्या घरांतल्या प्रत्येक माणसाची तीन दिवस रोज एक डबी. डबी आली की तिचे तीन वाटे करायचे. पहिला वाटा मिठाच्या पाण्यात कालवून सरळ काचेवर — ही पद्धत म्हणजे दारातूनच ‘काय, बरं ना?’ विचारून पुढे जाणारी शेजारीण. आत फार काही असेल तरच तिला दिसायचं. दुसरा वाटा गाळून, मोजून, हिरव्या पाण्यात भिजवलेल्या सेलोफेनखाली दाबायचा आणि अंडी मोजायची. ही कामाची, पण हिला वेळेचं भान लागतं. बघायला उशीर झाला की आकड्या जंताची नाजूक अंडी त्या हिरव्यात विरून जातात आणि काचेवर काहीच नव्हतं असं शपथेवर सांगावं लागतं. तिसरा वाटा जाळीच्या कापडात बांधून नरसाळ्यातल्या कोमट पाण्यात सोडायचा, बस. आत जिवंत अळ्या असल्या तर त्या उबेच्या ओढीने आपण होऊन बाहेर येतात आणि खाली नळीत जमतात. नूतनला तिन्हींत हीच आवडायची. हिच्यात शोधायला जावं लागत नव्हतं. नुसतं कोमट पाणी घेऊन थांबायचं.

तिची आणखी एक पद्धत होती, चौथी. ती अभ्यासात नव्हती आणि तिने ती कुणाला सांगितलीही नव्हती. डब्यांतून ती घरं बांधायची. भाताचे दाणे, वालाची सालं, सुकटीचे काटे, बाजारच्या नूडल्सचे पिवळे धागे — एवढ्यावरून कोण घाईघाईत जेवतं, कोण चावून खातं, कुणाला दात नाहीत, कोण बाहेर खाऊन येऊन घरी ‘भूक नाही’ म्हणतं, हे तिला दिसायला लागायचं, आणि मग त्या माणसांना आवाज फुटायचे. अकरा नंबरच्या घरातला बाप पोरांवर खेकसायचा. पाच नंबरमध्ये सासूसुनेचं सूत नव्हतं. नूतन संध्याकाळी लॅब बंद करून निघायची तेव्हा ही सगळी गर्दी तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि मग एकेक करून गळायची. एकटेपणाची आपल्याला सवय आहे असं ती म्हणायची, आणि ते खोटं होतं. तिला माणसांची सवय राहिली नव्हती, एवढंच.

त्या सगळ्यांत सतरा नंबर तिचं लाडकं. रोह्याकडच्या खांब गावचं घर. सत्तरीची बाई, अडतीसचा पुरुष, तेहतीसची बाई, सहा वर्षांची मुलगी — आजी, मुलगा, सून, नात, यात डोकं लावायचं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी चौघांच्या डब्यांत लाल माठ. एका पातेल्यातली भाजी चौघांनी खाल्ली होती. सून वाढत होती, पोरगी नको म्हणत होती, आजी ‘खा गो, रगत वाढतं’ म्हणत होती. आणि परवा त्या चौघांची नरसाळी उघडली तर चारही नळ्यांत अळ्या. वळवळणाऱ्या, जिवंत, क्वचित सापडणाऱ्या त्या जंताच्या, जो एकदा शिरला की माणसाच्या पोटात वर्षानुवर्षं आपलीच पिलावळ वाढवत राहतो. एका घरात चौघांनाही! तिने तिथल्या तिथे डॉक्टर नमितांना मुंबईला फोन लावला, आणि त्या पलीकडून ‘वा, नूतनताई, वा’ असं दोनदा म्हणाल्या. त्यांनी उद्याचा दौराच ठरवून टाकला. मोठे सर येणार, अंगणातली माती घेणार, रक्त घेणार, फोटो काढणार. आज संध्याकाळी पुन्हा फोन करते, म्हणाल्या, गाड्या नक्की करायच्यात.

आणि आज हा काळा कण.

तिने तीन नंबरची डबी घेतली. सुनेची. थेंब केला, बघितलं. मिश्री. सून लावत असेल. दोन नंबर, मुलगा… पुरुष मिश्री लावत नाहीत असं कुठे आहे? पण तिचा हात आता तिचं ऐकेनासा झाला होता. त्याने चारही डब्यांची झाकणं उघडून त्या ओळीने मांडल्या, आणि नूतनला, नाकावर मास्क असूनही, श्वास घ्यावासा वाटेना. काल चौघांनाही पातळ झालं होतं. आज चौघांनाही खडा. एका घरातली माणसं एका पातेल्यातलं खातात, कबूल. पण त्यांची पोटं अशी एका तालावर चालत नाहीत. चारही डब्यांत तोच रंग, तोच चिकटपणा, त्याच अर्धवट चावलेल्या वालाच्या साली — दात पडलेल्या माणसाने हिरड्यांनी चेचलेल्या. सहा वर्षांच्या पोरीच्या डबीतही.

डब्या चार, पोट एक.

आपल्याला हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, हे तिला कळलं. आणि का दिसलं नाही, हेही कळलं. तिला ती चौघं हवी होती. सून उठून गेली, पोरगी गेली, तो अडतीसचा पुरुष तर धड ओळख व्हायच्या आत गेला, आणि पातेल्यापाशी एक म्हातारी उरली. नूतनला रडू आलं असतं, पण मास्क होता आणि हातात मोजे होते, आणि डोळे पुसायची सोय नव्हती.

मग भीती वाटली. स्वतःची थोडी — तोंडघशी पडणार होतीच ती, ‘वा, नूतनताई’ परत घ्यावं लागणार होतं. पण त्या बाईची जास्त. उद्या सकाळी त्या दारात दोन गाड्या लागणार. शिकलेली, स्वच्छ कपड्यांची माणसं उतरणार, आख्खी वाडी गोळा होणार, आणि कुणीतरी सगळ्यांदेखत विचारणार, ‘आजी, बाकीचे तिघं कुठेत?’ नूतनचे कान तापले. जणू प्रश्न तिलाच विचारला होता. हे होता कामा नये. आजच्या आज जायचं, बाईला एकटीला गाठून विचारायचं, आणि संध्याकाळी मॅडमचा फोन येईल तेव्हा गपचूप सांगून टाकायचं की घर वगळा, नमुन्यांत घोळ आहे. बाईचं नावही निघायला नको. तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. लॅबचे मालक केरूशेठ तिच्याकडे बघतच राहिले; नूतनने शेवटची रजा आई गेली तेव्हा घेतली होती.

महाडच्या गाडीत खिडकी मिळाली. वडखळच्या पुढे रस्त्याची कामं चालूच होती, धूळ आत येत होती, आणि शेजारची जागा नागोठण्यापर्यंत रिकामीच राहिली… मी का चाललेय? फोनवर झालं नसतं? डब्या वाटणाऱ्या आशा सेविकेला, अनिताला, विचारलं असतं तर तिने शोधून सांगितलं असतं. पण अनिताने शोधायचं म्हणजे वाडीत बोभाटा. नाही, मीच जायला हवं. असल्या गोष्टी हळूच करायच्या असतात, ज्याचं त्याला कळेल न कळेल अशा. मला जमतं ते. आई नव्हती का म्हणत, तू घरात आहेस की नाही तेच कळत नाही…

आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, ‘आज कोण कोण भेटलं?’ बिछान्यावरून. आणि नूतन म्हणायची, कोण भेटणार, डब्या भेटल्या. दर संध्याकाळी हेच. आई हसायची, आणि मग तिच्याकडे बघत राहायची, अजून काही येईल म्हणून. आता वाटतं, सांगायचं होतं. अकरा नंबरसारखे बाप सांगायचे होते, पाच नंबरसारख्या सासूसुना सांगायच्या होत्या, आईला किती आवडलं असतं. केवढं होतं सांगण्यासारखं! पण लाज वाटली — पोरीने लोकांच्या शौचातून गोष्टी करायच्या आणि आजारी आईला सांगायच्या? आई गेली. हमरापूरला भाऊ होता, गणेश. मूर्तींचा कारखाना, वर्षभर ओल्या रंगाने भरलेलं घर, बसायला जागा शोधावी लागे. गौरी-गणपतीला ती जाई, आणि तो दर वेळी निघताना म्हणे, येत जा. तो मात्र रामवाडीला कधी आला नाही. त्याला वेळ नव्हता, आणि तिने बोलावलंही नाही. तिच्या घरी शेवटचं कोण आलं? गॅसवाला. तोही सिलिंडर उंबऱ्याच्या आत ठेवत नाही… कंडक्टरने खांब, खांब म्हणून घंटी मारली तेव्हा ती दचकून उठली.

अनिता हायवेवर उभीच होती. नूतनने फोनवर फक्त ‘सतरा नंबरला एक डबी पुन्हा हवी’ एवढंच सांगितलं होतं. तरतरीत बाई. चालता चालता नूतनने सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या घरात चारजण आहेत ना; तर अनिता म्हणाली, रेशनकार्डावर चार नावं आहेत म्हणून चार डब्या दिल्या, आणि रोज चारही भरून आल्या. मी काय आत वाकून बघू कुणाचं काय ते, असंही म्हणाली आणि हसली. तिचं बरोबरच होतं. वाडीच्या तोंडाशी तिने गिरजाबाईचं घर म्हणून दाखवलं आणि ती अंगणवाडीकडे वळली, लसीकरण होतं.

अंगण ताजं सारवलेलं. एका कडेला चादरीवर वाल वाळत घातलेले. आणि पडवीत, एकात एक घातलेल्या, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भाड्याने आणतात तसल्या. एक बारकी, काळीसावळी बाई ओल्या फडक्याने त्यातली एकेक काढून पुसत होती. मधेच थांबून कमरेशी खाजवत होती. ती अळी कातडीखालून सरकते तेव्हा तिथेच खाज सुटते, हे नूतनला माहीत होतं. पुस्तकात वाचलेली गोष्ट अशी उन्हात उभी राहून खुर्ची पुसताना बघणं तिला सहन होईना.

आपण पेणहून आलो, तुमच्या डब्या तपासते ती मीच, असं तिने सांगितलं. गिरजाबाईचा चेहरा असा काही उजळला की नूतनला मागे वळून बघावंसं वाटलं, आपल्यामागून आणखी कुणी आलंय की काय. बाईने पुसलेली खुर्ची पुढे ओढली, पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. उद्या मोठी माणसं येणार म्हणून अनिताने सांगितलंय, म्हणून खुर्च्या आणल्या, म्हणाली. खालच्या आळीतून आणखी आणायच्यात, किती लागतील? बाकीची माणसं कुठे गेली, असं नूतनने विचारलं — हळू, अगदी हळू, वाटेत मनाशी घोकल्यासारखं.

“रानात गेलीत,” गिरजाबाई म्हणाली. मग तिने फडकं पिळलं, झटकलं, आणि नूतनच्या तोंडाकडे बघितलं. “नाय गो. खोपोलीला हायत. जितेशला कंपनीत शिफ्ट असतात, तितंच खोली घेतलीय. पाच वर्सां झाली.”

“मग डब्या, आजी? चार डब्या…”

“आता काय सांगू तुला. अनितानं कार्ड बघून चार डब्या हातात ठेवल्या. नव्या कोऱ्या, झाकनाच्या. शेजारनीचा डबा आला तरी आपन रिकामा देत नाय परत, चिमूटभर साखर तरी घालतो. तीन डब्या रिकाम्या कशा देऊ? घर बसलंय म्हनून सांगितल्यासारखं व्हतं.” तिला स्वतःचंच हसू आलं, तोंडावर पदर घेऊन ती हसली. “मंग घातलं चिमूट चिमूट.”

नूतनही हसली. हसू नये असं वाटत असताना हसली, आणि पोटातून आलेलं ते हसू तिचं तिलाच अनोळखी वाटलं. मग तिने जे ठरवलं होतं ते बोलायला तोंड उघडलं — की हरकत नाही, कुणाला कळणार नाही, मी सगळं निस्तरते — आणि भलतंच बोलून बसली. मला खरंच वाटलं होतं चौघं आहेत, म्हणाली. मला तर तुमची सूनही दिसली होती, माठाची भाजी वाढताना.

गिरजाबाईने फडकं खाली ठेवलं. “दिसली?” ती समोर जमिनीवर बसली. “काय करत व्हती?”

आणि नूतनने सांगितलं. आईला जे कधी सांगितलं नाही ते या अनोळखी बाईला, गुळाचा खडा हातात विरघळत असताना सांगितलं: पोरगी भाजी नको म्हणत होती, तुम्ही रक्त वाढतं म्हणत होतात, तुमचा मुलगा खाली मान घालून जेवत होता, आणि आज सकाळी नातीने तुमच्या डबीत बोट घालून मिश्री लावली, तर तुम्ही तिला धपाटा घातलात. मधे मधे गिरजाबाई दुरुस्त करत होती. जितेश खाली मान घालून जेवत नाही, टीव्हीकडे बघत जेवतो. सुनेला मिश्रीचा वास सोसत नाही, ती पोरीला हात लावू देणार नाही. पण पोर लावील हो, ती द्वाडच आहे, फोनवर इंग्रजी गाणी म्हणते. ‘आनी?’ विचारायची मग. ‘आनी काय दिसलं?’ ऊन पडवीच्या खांबावरून खाली उतरलं. नूतनला सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी ती सांगत राहिली, आता सरळ सरळ रचून. आणि रचलेलं आहे हे दोघींनाही ठाऊक होतं. एवढा वेळ आपण कुणाशी बोललो त्याला किती काळ लोटला, याचा हिशेब तिला लागेना, आणि लावावासाही वाटला नाही.

शेवटी वालाच्या चादरीवर कोंबडी आली, गिरजाबाईने बसल्या जागेवरून तिला हुसकलं. मग नूतनने खरं ते सांगितलं. पोटात जे आहे ते साधं नाही, बरीच वर्षं आत राहिलेलं आहे, औषध घ्यायलाच हवं, ते तुमच्या वजनाप्रमाणे द्यावं लागेल. म्हणून एकच माणूस आहे हे डॉक्टरांना सांगावंच लागणार. काळजी करू नका, कुणी काही बोलणार नाही. उद्या गाड्या येणार नाहीत, मी तसं बघते. औषध अनिता घरी आणून देईल.

हे ती धीर देण्याच्या सुरात म्हणाली. गिरजाबाईचं तोंड मात्र बारीक होत गेलं. तिने पडवीतल्या खुर्च्यांकडे बघितलं.

“म्हंजे एकटीला बघाया नाय येत कोन?”

नूतन बोटांना लागलेला गूळ पुसत राहिली.

“मंग तू नको सांगूस इतक्यात. चौघं हायत म्हनावं. गाड्या दारात येऊ दे, मानसां उतरू दे, मंग मी सांगेन त्यांना, एकलीच हाय म्हनून. मारतील थोडीच?”

“पण आजी, सगळी वाडी जमेल. लोक बघतील.”

“बघू दे की गो,” गिरजाबाई म्हणाली. “बघाया तरी येतील.”

हे काही ती केविलवाणी होऊन बोलली नाही. खुर्च्या किती लागतील विचारलं होतं त्याच आवाजात बोलली. निघताना नूतनने रिकामा पेला पुढे केला, तर तिने तो घेता घेता नूतनचा हात मनगटाशी धरला, आणि उद्या तू येणार ना, तू तरी, असं विचारलं. नूतन बघते म्हणाली. हे ‘बघते’ ती आयुष्यभर म्हणत आली होती आणि त्याचा अर्थ नाही असाच होत आला होता. गिरजाबाईलाही तो कळला असावा, कारण तिने हात सोडला आणि पुन्हा खुर्ची पुसायला घेतली.

परतीची गाडी भरलेली होती. नागोठण्याला बसायला मिळालं. फोन तिने पर्समधून काढून मांडीवर ठेवला. मॅडम आता कधीही फोन करतील, आणि आपण सांगणार, यात तिला शंका नव्हती. सांगावंच लागेल, ते औषध, ते वजन, आणि अभ्यासात एका पोटाची चार पोटं होऊन बसलेली… पण सांगितलं की काय होईल हेही तिला लख्ख दिसत होतं. मॅडम भल्या आहेत, रागावणार नाहीत. ‘बरं झालं वेळेवर कळलं’ म्हणतील, गाड्या रद्द करतील, औषध पाठवतील. सगळं नीट, गपचूप, कुणाला न दुखवता होईल. आणि उद्या सकाळी खांबला, सारवलेल्या अंगणात, लाल खुर्च्या.

लाज वाटत होती ती मला. तिला नाही. तिची म्हणून जी अब्रू झाकायला मी एवढी धावत गेले ती माझीच होती… हे तिच्या मनात इतकं सरळ आलं की तिने खिडकीबाहेर बघितलं. वडखळचे दिवे लागत होते. आपल्याला कुणी कार्ड बघून जास्तीच्या डब्या दिल्या असत्या, तर आपण त्या स्वच्छ धुऊन, पुसून, ‘मी एकटीच असते’ असं सांगून परत केल्या असत्या, आणि घरी येऊन त्या खरेपणाचं कौतुक वाटून शांत झोपलो असतो. असंच जगलो आपण. नीटनेटकं. आजवर तिला त्याचा अभिमान होता. आता तो कुठे दिसेना, आणि त्याच्या जागी जे होतं त्याला नुसतं दुःख म्हणवेना. त्यात थोडा हेवाही होता. एका म्हातारीचा, जिने तीन दिवस चिमूट चिमूट घालून माणसं दाराशी आणायचा घाट घातला.

फोन वाजायला लागला. डॉक्टर नमिता.

वाक्य अवघड नव्हतं. तिने ते मनात जुळवलं: मॅडम, चौघं नाहीत, एकच बाई आहे, एकटी राहते, तरीही उद्या या. पहिला भाग जिभेवर तयार होता. शेवटच्या शब्दाशी मात्र ती अडली. ‘या’ असं कुणाला कसं म्हणायचं — काम नसताना, सापडण्यासारखं काही नसताना, नुसतं या — हे तिला येतच नव्हतं. भावाला म्हटलं नाही, शेजारी कुणाला म्हटलं नाही, आईच्या शेवटच्या दिवसांत नातेवाईकांनासुद्धा ‘कशाला उगाच त्रास’ असंच म्हटलं. शेजारच्या बाईने फोन वाजतोय म्हणून तिच्याकडे बघितलं. नूतनने मान हलवली, फोन हातात घेतला, आणि उचलण्याआधी तो शब्द एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला. या. पुन्हा म्हणून बघितला. आणि तो आपण खांबच्या त्या अंगणासाठी म्हणतोय की रामवाडीतल्या आपल्या खोलीसाठी, हे तिला कळेना.